शिक्षिकेनं गेम खेळावा का?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय 43. कोथरूडला राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. लॉकडाऊनमध्ये मुलानं लॅपटॉपवर 'स्टारड्यू व्हॅली' नावाचा शेतीचा गेम टाकला होता. तो चार दिवसांत कंटाळला, मी मात्र त्यात रमले ती आजपर्यंत. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला, सगळे आपापल्या खोलीत गेले की तास-दीड तास खेळते. सुट्टीच्या आदल्या रात्री कधी कधी एक वाजतो. घरात कुणाला माहीत नव्हतं. विचारलंच तर 'पेपर तपासतेय' म्हणायचे.

गेल्या महिन्यात मुलानं (नववीत आहे) माझ्या यूपीआयवरून बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या गेममध्ये सातशे रुपये घालवले. मी रागावले, मोबाईल काढून घेतला. त्यानं लॅपटॉप उघडला आणि मी आजवर किती तास खेळले तो आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवला. हे एवढंच म्हणाले, "शिक्षिकेला शोभत नाही हे. सरकारनं ऑनलाइन गेमवर बंदी घातली ती काय उगाच?" सासूबाई दुपारभर मोबाईलवर ल्युडो खेळतात, पण नवल त्यांनाही माझंच वाटलं.

पालकसभेत आईवडील सांगतात, "मॅडम, तुम्हीच समजवा त्याला, गेम म्हणजे व्यसन आहे." मी मान डोलावते आणि घरी येऊन खेळते. हे टोचतं. त्यात अलीकडे वाचलं की गेम बनवणाऱ्यांना रात्रंदिवस राबवून घेतात आणि काम झालं की काढून टाकतात. मग आपण देतो त्या पैशांचं काय होतं? मी हे सगळं बंद करू का?

एक शिक्षिका, कोथरूड

बाई, नमस्कार. शाळेतली मुलं तुम्हाला बाई म्हणत असतील, मीही तेच म्हणते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. गेम बंद करू नका. एक वाजेपर्यंत जागणं बंद करा आणि 'पेपर तपासतेय' हे सांगणं आजपासून बंद करा. तुमच्या घरात गेम म्हणजे काय हे आतून ठाऊक असलेलं मोठं माणूस एकच आहे, ते म्हणजे तुम्ही. तेच इतकी वर्षं गप्प राहिलं, आणि नववीतला मुलगा बीजीएमआयच्या दुकानात एकटाच फिरत राहिला. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. संसदेनं ऑगस्ट 2025 मध्ये कायदा केला हे खरं. पण त्यातली बंदी आहे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. रमी असो की फँटसी क्रिकेट, कौशल्याचा डाव असो की नशिबाचा, पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो खेळ चालणार नाही आणि त्याची जाहिरातही चालणार नाही. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, मान्यता दिली आणि करमणुकीचे व शैक्षणिक खेळ बाजूला काढून त्यांना प्रोत्साहन द्यायचं ठरवलं. पबजीवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली तीसुद्धा गेम वाईट म्हणून आलेली नव्हती. देशाची सुरक्षा आणि वापरणाऱ्यांची माहिती ही कारणं देऊन, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली, आणखी 117 ॲप्सच्या सोबत ती आली होती. पुढच्याच वर्षी भारतासाठी तो बीजीएमआय नावानं परत आला. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र दोन्ही वेळा एकच मजकूर फिरला, 'गेमवर बंदी'. रमीपायी कर्जबाजारी झालेला माणूस आणि ओटा आवरून पडद्यावरच्या वाफ्याला पाणी घालणारी शिक्षिका यांना एका रांगेत उभं केल्यानं त्या कर्जबाजारी माणसाचंही काही भलं होत नाही.

गेमची बदनामी उगाच झाली असं मात्र मी म्हणणार नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या सायबर कॅफेंमध्ये क्लास बुडवून काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनात गेमचं चित्र तेच राहिलं: पडदे लावलेले कप्पे, ताशी दर, आणि लाल डोळ्यांनी बाहेर पडणारा मुलगा. आत जाऊन, शेजारी बसून, 'हे नक्की काय आहे, दाखव' असं विचारणारं मोठं माणूस त्या मुलांपैकी फार थोड्यांना भेटलं. अमेरिकेतही हेच सगळं आपल्या आधी घडून गेलं आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेममधल्या रक्तावरून 1993 मध्ये तिथल्या संसदेत सुनावण्या झाल्या आणि 1994 मध्ये वयानुसार मानांकन देणारी ईएसआरबी ही व्यवस्था उभी राहिली. 1999 मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा बोट दाखवलं गेलं ते 'डूम' या गेमकडे. शेवटी 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा एक कायदा रद्द केला. समोर मांडलेल्या अभ्यासांतून हिंसक गेममुळे मुलं आक्रमक होतात हे सिद्ध होत नाही, असं न्यायालयानं म्हटलं आणि पुस्तकांना, नाटकांना असलेलं अभिव्यक्तीचं संरक्षण गेमलाही दिलं.

व्यसनाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या अधिकृत यादीत जागा दिली, जानेवारी 2022 पासून ती यादी लागू आहे. पण त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण बारा महिने चालतं, इतकं की घर, शाळा, नोकरी कोलमडते. मग तो विकार. तुमचा वर्ग नीट चालतो, घर चालतं. तुमची अडचण झोपेची आहे. साडेअकराचा गजर लावा. स्टारड्यूमध्ये झोपायला गेल्यावरच खेळ जतन होतो, त्यामुळे 'एवढा दिवस संपवते' करता करता पुढचा दिवस सुरू होतो हे मला चांगलं माहीत आहे. तो दिवस उद्यावर टाका.

मीही गेम खेळते आणि त्याबद्दल उघडपणे बोलते. म्हणून तुमच्या गेमबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे, तुमच्यासाठी नाही, यजमानांना वाचून दाखवण्यासाठी. स्टारड्यूमधला पहिला वसंत आठवा. ऋतू 28 दिवसांचा. फुलकोबीचं बी 80 नाण्यांना, पीक 12 दिवसांत, विक्री 175 ला. पार्सनिप, म्हणजे गाजरासारखं पांढरं कंद, त्याचं बी 20 ला, पीक 4 दिवसांत, विक्री 35 ला. हातात 80 नाणी आहेत, काय लावाल? एक फुलकोबी लावली तर बारा दिवसांनी 175. पार्सनिप लावले तर चार बियांचे 140 होतात, त्यात सात बिया येतात, त्यांचे 245, त्यात बारा बिया आणि वर पाच नाणी, शेवटी हातात 425. म्हणजे भांडवल कमी असेल तर पार्सनिप. पण रोपं अशीच वाढत गेली तर रोज पाणी घालण्यातच अंगातली बरीच ताकद जाते, मग झाडं तोडायची कधी, खाणीत उतरायचं कधी? भांडवल हाताशी आलं आणि ताकद अपुरी पडायला लागली की फुलकोबी परवडते. आणि 16 तारखेनंतर लावली तर ती तयार व्हायच्या आत ऋतू पालटतो आणि पीक वाळून जातं. चक्रवाढ, मर्यादित साधनं, मुदत, सगळं यात आहे. नववीच्या वर्गाला हे उदाहरण फळ्यावर घालून बघा. मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा हात वर करतील.

हा गेम एरिक बरोन नावाच्या एका माणसानं सिएटलमध्ये एकट्यानं बनवला. प्रोग्रामिंग त्याचं, चित्रं त्याची, संगीत त्याचं. चार वर्षांहून जास्त काळ तो त्यावर बसला होता आणि त्या दिवसांत पोटासाठी एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. 2016 च्या फेब्रुवारीत गेम बाहेर आला. एकदा विकत घेतला की झालं, त्यानंतरची सगळी भर त्यानं फुकट दिली, 2024 मधली मोठी भरसुद्धा. तुमचे पैसे कुठे जातात याचं, निदान या गेमपुरतं, हे उत्तर आहे.

माझ्या आवडीचा एक गेम 'पेपर्स, प्लीज' आहे, लुकास पोप यांचा, 2013 चा. त्यात तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून असता. पासपोर्ट तपासायचे, शिक्का मारायचा. जितकी माणसं हातावेगळी कराल तितका पगार, आणि संध्याकाळी त्या पगारातून घरभाडं, जेवण, शेकोटी. सुरुवातीच्याच दिवसांत एक नवरा येतो, त्याची कागदपत्रं चोख. जाताना सांगतो, मागून बायको येतेय, तिला सोडा. तिच्याकडे परवाना नसतो. सोडली तर वरून चूक लागते. दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ असतात, त्यापुढे दंड. त्या दोन चुका आधीच झाल्या असतील तर आज घरात शेकोटी पेटणार की नाही हे त्या बाईवर ठरतं, आणि शिक्का तुमच्या हातात असतो. सरकारी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आपण सगळे उभे राहिलो आहोत. आतल्या बाजूला मला कुणी बसवलं असेल तर ते या गेमनं. कथा वाचताना मी त्या कारकुनाला दोष देऊन मोकळी झाले असते.

इतकं लिहिलं ते यासाठी की मुलाशी बोलायला तुम्ही पात्र आहात हे तुम्हाला पटावं. बीजीएमआय फुकट आहे, म्हणून त्याची कमाई दुकानातून होते. तिथे रुपये दिसत नाहीत, यूसी नावाची गेममधली नाणी दिसतात. यूसीची पाकिटं ठरलेल्या आकड्यांची असतात, हव्या त्या वस्तूला ती नेमकी पुरत नाहीत, थोडे कमी पडतात किंवा थोडे उरतात. उरले की पुन्हा भर घालावीशी वाटते. पेटी उघडल्यावर आत काय निघेल ते आधी कळत नाही, आणि हवा तो पोशाख काही दिवसांपुरताच असतो. बेल्जियमनं अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना 2018 मध्ये जुगार ठरवलं. आपल्याकडच्या नव्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे, त्यामुळे या पेट्यांवर घरातच लक्ष ठेवावं लागणार. माझा राग आहे तो या दुकानावर. बंदूक घेऊन बेटावर उतरण्यावर नाही. शंभर जण उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं, चौघांचा संघ एकमेकांना हाका मारत जागा धरतो, जखमी झालेल्याला उठवतो. आपल्या लपंडावात आणि खो-खोत जी ईर्षा होती तीच इथे आहे.

म्हणून रविवारी त्याच्या शेजारी बसा आणि एक अख्खा सामना बघा. सल्ला देऊ नका, प्रश्न विचारा. इथेच का उतरलास, ह्याला का वाचवलंस. मग दुकान उघडायला सांगा आणि कागदावर यूसीचे रुपये करायला लावा. गणिताच्या बाई आहात, हे तुमच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही. त्यानं काय घेतलं, किती पेट्या उघडल्या, हवं ते निघालं का, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. वेळेचा नियम घालाल तेव्हा मिनिटांत घालू नका, सामन्यांत घाला. एक सामना साधारण अर्ध्या तासापर्यंत जातो. मध्येच मोबाईल ओढून घेतला की त्याचे तीन भिडू उघड्यावर पडतात, शिव्या त्याला बसतात आणि त्याचा सगळा राग तुमच्यावर निघतो. 'दोन सामने, मग जेवण' हा नियम मुलं पाळतात. 'आत्ताच्या आत्ता ठेव' हा पाळत नाहीत.

राबवण्याबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे, आणि जुनं आहे. 2004 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या होणाऱ्या बायकोनं, आपल्या माणसाला आठवड्याचे सातही दिवस कसं जुंपलं आहे ते जाहीर लिहिलं. कंपनीवर जादा कामाच्या पगारासाठी दावे झाले आणि भरपाई द्यावी लागली. त्यानंतरही ही सवय गेली नाही. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2023 मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी 68.7 अब्ज डॉलरला घेतली आणि जानेवारी 2024 मध्ये गेमिंगमधल्या 1,900 लोकांना घरी पाठवायचं जाहीर केलं. हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं, ते वाटायलाच हवं.

पण हा धंदा फक्त तिकडे सिएटल-टोकियोत नाही, तुमच्या गावातही आहे, आणि हे तुमच्या यजमानांना बहुधा ठाऊक नसेल. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात 2008 पासून आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा एक जुना भाग नव्यानं करायचं काम 2020 मध्ये पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं तेव्हा ज्यांचं बालपण त्या राजपुत्राला उड्या मारायला लावण्यात गेलं त्या सगळ्यांना अभिमान वाटला होता. 2022 मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. ज्या पोरांनी त्यात वर्षं घातली त्यांच्याविषयी मला आजही हळहळ वाटते. आणि त्याच 2020 मध्ये नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूनं 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' पुरा केला. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, तरी ते थांबले नाहीत. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला त्रिशूळ घेऊन निघते. गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलतात त्यातून उलगडते. भिंतींचे रंग पहाडी चित्रांतले, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे. त्या वर्षीच्या द गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं. आपल्या गावात हे झालं, आणि आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर रमीची पानभर जाहिरात येत राहिली.

तुम्ही खेळणं सोडलंत तर काढून टाकलेल्या एकाही माणसाला नोकरी परत मिळणार नाही. तुम्ही छोट्या चमूचे गेम विकत घेतलेत, चोरून उतरवले नाहीत, मुलालाही तीच सवय लावलीत, तर त्या पोरांचा पुढचा गेम होण्याची शक्यता थोडी वाढते. शिवाय तुमच्या वर्गात वहीच्या मागच्या पानावर राक्षस आणि किल्ले काढणारा कुणीतरी असेल. बंगळूरच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे हे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना तुम्ही सांगू शकता. सोबत हेही सांगा की या धंद्यात नोकरी पक्की नसते, म्हणून हाताला दुसरी एखादी विद्या हवी. ते ऐकतील, कारण सांगणारी बाई स्वतः खेळते.

पालकसभेतही मान डोलावू नका. मुलगा कोणता गेम खेळतो, हे विचारा. बहुतेक पालकांना नाव सांगता येणार नाही, आणि बोलणं तिथूनच सुरू होईल. कुणाबरोबर खेळतो, गेम पैसे मागतो का, झोप होते का, पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का. यातली शेवटची दोन उत्तरं 'नाही' असतील आणि हे बरेच महिने चाललं असेल, तर समुपदेशकाकडे पाठवा, उशीर करू नका. बाकीच्यांना मुलाशेजारी बसायला सांगा. 'मीही खेळते' हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं.

यजमानांशी वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणा, दिवाणखान्यात सगळ्यांदेखत खेळा, आणि सासूबाईंना सांगा की तुमचा ल्युडोही गेमच आहे, या बसा. यजमानांना फुलकोबी की पार्सनिप हा प्रश्न घाला. त्यांचं उत्तर चुकेल, आणि का चुकलं हे ते विचारतील.

राहिले सातशे रुपये. ते सोडून देऊ नका. मोबाईल परत द्या, पण यूपीआयचा पिन बदला, प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा, आणि खाऊच्या पैशांतून महिन्याला शंभर याप्रमाणे सातशे पूर्ण वसूल करा. फिटले की त्याला सांगा, आता एक गेम तू निवड, आपण दोघं मिळून घेऊ.